चाक, चाव्या आणि कुबडी : चित्रातला संत ओळखतात कसा?

परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी इथलीच. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत याच मठाने जपली आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापून प्रसिद्ध केला. या गुरुशिष्यांचे चित्र मराठवाड्यातल्या कुठल्याही रामदासी घरात दाखवले, तर खाली नाव लिहायची गरज पडत नाही. जटा, दाढी आणि कुबडी म्हणजे समर्थ. समोर मांडी घालून बोरू चालवणारा तरुण म्हणजे कल्याण. शिवथरघळीत या प्रसंगाच्या मूर्तीच बसवल्या आहेत. चेहरा कसाही काढला तरी चालतो, कारण ओळख चेहऱ्यावर नाही, ती हातातल्या वस्तूवर आणि बसण्याच्या रीतीवर आहे.

अगदी अशीच मांडणी असलेले एक चित्र जर्मनीतल्या ट्रियर इथे आहे. इ. स. ९८३ च्या सुमाराचे. पोप ग्रेगरी पहिला मजकूर सांगत बसला आहे, त्याच्या कानाशी पांढरे कबुतर आहे आणि मध्ये पडदा आहे. पडद्यापलीकडचा लेखनिक, गुरू इतका वेळ गप्प का म्हणून, लेखणीच्या टोकाने पडद्याला भोक पाडून पाहतो आहे. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. शब्द ग्रेगरीचे असले तरी ते वरून आलेले आहेत, हे सांगायला चित्रकाराला एवढा एक पक्षी पुरला.

याच ग्रेगरीने इ. स. ६०० च्या आसपास मार्सेयच्या बिशपला लिहिलेली पत्रे युरोपातल्या धर्मचित्रांचा पाया मानली जातात. लोक चित्रांची पूजा करतात म्हणून त्या बिशपने चर्चमधली चित्रे फोडून टाकली होती. ग्रेगरीने त्याला समज दिली: ज्याला वाचता येत नाही तो भिंतीवर वाचतो. त्यानंतरच्या हजारभर वर्षांत युरोपने संतांच्या चित्रांचे एक भलेमोठे व्याकरण तयार केले. सोळाव्या शतकात ते जहाजातून गोव्यात उतरले आणि इथल्या कारागिरांच्या हातांतून गेले. त्याचे मूळ काय होते आणि इथे त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

या व्याकरणाचा पहिला नियम सोपा: प्रत्येक संताला एक खूण. पेत्राच्या हातात चाव्या, कारण स्वर्गाचे दार त्याच्या स्वाधीन. पौलाच्या हातात तलवार, कारण त्याचा शिरच्छेद झाला. लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी, तिच्यावर त्याला भाजले. बार्थोलोम्यूच्या हातात सुरी, कधी स्वतःची सोललेली कातडी. लूसीच्या तबकात दोन डोळे. सेबास्टियनच्या अंगात बाण. कॅथरीनजवळ काटेरी चाक, तिची कथा पुढे येईलच. मग्दालेनेजवळ सुगंधी तेलाची कुपी, जेरोमच्या पायाशी सिंह. चार शुभवर्तमानकारांची तर चार रूपेच ठरली: मत्तय म्हणजे पंखधारी मनुष्य, मार्क सिंह, लूक बैल, योहान गरुड. नाव न वाचता अख्खी रांग ओळखता यावी, अशी ही सोय होती. रक्तसाक्षींच्या हातात खजुरीची फांदी, विद्वानांच्या हातात ग्रंथ, ब्रह्मचर्याला लिली, आणि पुण्यात्मा म्हणून सर्वांच्या डोक्यामागे प्रभावळ.

प्रभावळ ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या खांबांवर रंगवलेल्या बुद्धांच्या मस्तकामागेही ती आहे. पुढे युरोपी चित्रे मोगल दरबारात पोहोचली आणि जहांगीरच्या डोक्यामागेही सोनेरी वर्तुळ उमटले. अकबराकडे १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी चित्रांनी सजलेले बायबल आणि मरियामातेच्या रोममधल्या प्रसिद्ध चित्राची प्रतिकृती नेली होती, हे इथे लक्षात घ्यावे लागते. एका धर्माची खूण दुसऱ्याच्या घरी गेली की तिचा अर्थ थोडा सरकतो. मोगल चित्रांत प्रभावळ पुण्याची राहिली नाही, ती सत्तेची झाली.

या खुणांच्या मागे कथा होत्या. जेनोआचा पुढे आर्चबिशप झालेला याकोबुस द व्होराजिने याने १२६० च्या दशकात संतांच्या कथांचा एक मोठा संग्रह लॅटिनमध्ये केला. ‘सुवर्णकथा’ म्हणून तो गाजला आणि चित्रकारांच्या हाताशी कायमचा राहिला. मराठीत हे काम ताहराबादच्या महिपतींनी केले. त्यांच्या १७६२ मधल्या ‘भक्तविजया’तून कीर्तनकारांनी कथा घेतल्या, कीर्तनांतून त्या घरोघरी पोहोचल्या आणि पुढे छापील तसबिरींत उतरल्या. ज्ञानेश्वरांचे समकालीन चित्र उपलब्ध नाही, तरी त्यांचे रूप सर्वांना ठाऊक आहे. ते कथेने घडवले.

दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या की एक मोठा फरक दिसतो, आणि त्यावर लिहिले जायला हवे तितके मराठीत लिहिले गेलेले नाही. युरोपी संताची खूण बहुतेक वेळा त्याच्या मरणाची आहे: चाक, जाळी, सुरी, बाण. मराठी संताची खूण त्याच्या कामाची आहे. जनाबाईचे जाते, गोरोबांचा चिखल, सावतोबांचा मळा, तुकोबांची वीणा. ख्रिस्ती संतमालिकेची सुरुवात रोमन साम्राज्यातल्या छळात झाली, म्हणून तिथे मृत्यू हीच साक्ष ठरली. वारकरी संतमालिका कष्टकऱ्यांच्या घरांतून उभी राहिली, म्हणून रोजचे काम हीच साक्ष.

अर्थात नियमाला अपवाद आहे आणि तो फार गोड आहे. माद्रिदचा इसिदोर हा बाराव्या शतकातला शेतमजूर. तो प्रार्थनेला बसला की देवदूत त्याचा नांगर धरतात, असे चित्र स्पेनमध्ये शेकडो ठिकाणी आहे. जनाबाईसोबत जाते ओढणारा विठ्ठल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इसिदोर समजावून सांगावा लागत नाही.

लोकांनीही या मरणाच्या खुणा आपल्या कामाला जोडून घेतल्या. कॅथरीनच्या चाकामुळे ती गाड्यांची चाके करणाऱ्यांची आणि गिरणीवाल्यांची पालक झाली, लॉरेन्स आचाऱ्यांचा, बार्थोलोम्यू चामडे कमावणाऱ्यांचा. बार्बाराला मारणाऱ्या तिच्या बापावर वीज कोसळली, म्हणून बार्बारा तोफखान्याची संत ठरली. तिची खूण तीन खिडक्यांचा बुरूज. गोलंदाजाला स्फोटापासून वाचवणारी ती, एवढे त्याला पुरे होते.

आता शैलीकडे. मध्ययुगीन संतचित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कच्चे वाटते: सपाट अंग, मोठे डोळे, सावली नाही, मागे नुसते सोने. पण हा कच्चेपणा चित्रकाराच्या हाताचा नव्हता, तो त्याने निवडलेला होता. मागे डोंगर किंवा घर काढले असते तर संत एका गावात आणि एका वेळेत अडकला असता. सोन्याचा वर्ख दिला की तो काळाबाहेर गेला. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ते सोने जिवंत होई. आकाराचा हिशेबही वेगळा होता: संत मोठा, देणगीदार त्याच्या गुडघ्याएवढा. रंग अंड्याच्या बलकात कालवून लाकडी फळीवर लावत. मरियामातेच्या झग्याचा उत्तम निळा रंग बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून आलेला. तो इतका महाग असे की करारपत्रात त्याचा वेगळा उल्लेख करत.

हे सर्व एकत्र पाहायचे तर इटलीतल्या पेशिया इथले बोनाव्हेंतुरा बेर्लिंगिएरीचे १२३५ चे फळीचित्र पाहावे. असिसीचा फ्रान्सिस वारून तेव्हा नऊच वर्षे झाली होती. मध्ये उंच, कृश फ्रान्सिस, कमरेला गाठी मारलेला दोर, हातापायांवर ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा. दोन्ही बाजूंना त्याच्या चरित्रातले सहा प्रसंग, त्यांत पक्ष्यांना उपदेशही. मध्ये मूर्ती आणि भोवती कथा ही मांडणी आपल्या छापील तसबिरींतही सर्रास आढळते. पुढे चित्रकार जोत्तोने त्याच फ्रान्सिसला वजनदार शरीर दिले, खडक दिला, अंगावर उजेड-सावली दिली. दोर आणि जखमा मात्र तशाच राहिल्या. शैली एका पिढीत बदलते, खूण बदलत नाही.

गोव्यात हे सर्व आले ते मध्ययुग सरत असताना. आफोन्सु द आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा घेतला, आणि तो दिवस संत कॅथरीनचा निघाला. तिच्या नावाने लगेच एक लहान प्रार्थनागृह उभे राहिले. १५६२ मध्ये सुरू झालेले मोठे सी कॅथेड्रलही तिलाच अर्पण केले. तिच्या कथेत आलेक्झांड्रियाची ही राजकन्या पन्नास पंडितांना वादात हरवते, सम्राट मॅक्सेन्तियस तिला काटेरी चाकावर चढवतो, चाक मोडते आणि शेवटी तिचा शिरच्छेद होतो. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेली जी प्रचंड कोरीव भिंत आहे, तिच्या फलकांवर हेच प्रसंग आहेत. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही कॅथरीनचे चाक बसले.

युरोपातल्या चित्रांत कॅथरीनच्या पायाखाली अनेकदा मुकुटधारी सम्राट दाबलेला असतो. बुद्धीने सत्तेवर मिळवलेला विजय, असा त्याचा अर्थ. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवर एका बाजूला वास्को द गामा आहे, तर दुसऱ्या बाजूला पायाखाली माणूस दाबून उभी असलेली एक स्त्री. तिला कॅथरीन मानतात. पण पायाखालचा माणूस आता रोमन सम्राट राहिलेला नाही, त्याचा वेश या देशातला आहे. उभे राहण्याची रीत तीच, पण अर्थ पार उलटला. मध्ययुगात सत्तेला नमवणारी तरुणी इथे सत्तेच्या बाजूने उभी केली गेली. संतचित्रांचा गोव्यातला इतिहास सांगताना हे टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

हरलेल्याला चित्रात तुडवण्याची ही भाषा दख्खनला नवी नव्हती. मलिक-ए-मैदान ही तोफ अहमदनगरात १५४९ मध्ये ओतली गेली, परंड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्या तोंडाशी हत्ती गिळणारे सिंहमुख आहे. व्हाइसरॉय कमानीखालून गेलेल्या कुणाही दख्खनी माणसाला वरच्या मूर्तीचा अर्थ क्षणात कळला असणार.

गोव्यातली चर्चे रंगवली आणि कोरली कुणी? बऱ्याच अंशी इथल्याच कारागिरांनी, आणि त्यांत हिंदूही होते. परधर्मीयांनी ख्रिस्ती प्रतिमा घडवू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. तरी काम थांबले नाही, कारण लाकूड, हस्तिदंत आणि चांदीवर चालणारे कसबी हात त्यांचेच होते. सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची शवपेटी गोव्याच्या रुपेकारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संताच्या चरित्रातले ३२ प्रसंग आहेत. झेवियर वारला १५५२ मध्ये आणि संत ठरला १६२२ मध्ये, माद्रिदच्या इसिदोरसोबत एकाच दिवशी. मध्ययुगाशी त्याचा काही संबंध नाही, तरी खुणांचे जुने व्याकरण त्यालाही लागू झाले. छातीवरचा झगा उघडून आतल्या प्रेमाची आग दाखवणारा झेवियर आणि समुद्रात पडलेला क्रूस परत आणून देणारा खेकडा ही त्याची ओळख झाली.

सी कॅथेड्रलशेजारच्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चपाशी मात्र लोक फारसे थांबत नाहीत, याचे वाईट वाटते. आजची वास्तू १६६१ ची, पण तिचे दार आधीच्या, १५१७ मध्ये सुरू झालेल्या प्रार्थनागृहाचे राखले आहे. दोरखंडासारखी पिळदार कोरीव कामाची मानुएलीन शैली, म्हणजे पोर्तुगालच्या उत्तर मध्ययुगाचा शेवटचा बहर, तिथे पाहायला मिळते. आत वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या चरित्राची चित्रे आहेत. वेदीवर तो क्रूसावरच्या ख्रिस्ताला मिठी मारतो आहे आणि खाली दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन ही व्रते कोरली आहेत. पेशियाच्या फळीवर चारशे वर्षांपूर्वी जी कथा होती तीच ही. फरक हाताचा आहे. भिंती आणि कमानींवर पसरलेली फुला-पानांची गर्दी युरोपी चर्चपेक्षा इथल्या नक्षीकामाच्या सवयीशी अधिक जवळची आहे.

गोव्यातल्या काही चर्चमध्ये प्रवचनपीठ खालून तोलून धरणाऱ्या नागिणीसारख्या स्त्रिया आहेत. हस्तिदंतातला मेंढपाळ बाळ येशू डोळे मिटून, गाल हातावर टेकवून बसतो आणि खाली गुहेत मग्दालेना ग्रंथ घेऊन पहुडलेली असते. त्याच्या त्या मिटल्या डोळ्यांत अभ्यासकांना बुद्धाच्या ध्यानाची छाया दिसते. हे पाहायचे तर जुन्या गोव्याचे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय गाठावे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये सांता मोनिकाच्या मठात हलले.

याच राशोलमध्ये संतांच्या कथा मराठी-कोकणीत छापल्या जात होत्या. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणानंतर एतिएन द ला क्रुवा याने १६२९ मध्ये पेत्राचे पुराण मराठीत रचले, तर आंतोनियु द साल्दान्याने १६५५ मध्ये पादुवाच्या अंतोनीची जीवनकथा छापली. चाव्या धरलेला पेत्र आणि बाळ येशूला कडेवर घेतलेला अंतोनी भिंतीवर होते, त्यांच्या कथा इथल्या भाषेत कानावर पडत होत्या. चित्र आणि पुराण एकमेकांना धरून चालण्याची रीत इथल्या श्रोत्यांच्या अंगवळणी आधीच पडलेली होती.

महाराष्ट्राचा स्वतःचा संत आहे वसईचा गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७, बाप पोर्तुगीज, आई वसईची. तो व्यापारासाठी जपानला गेला, पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ साथीदारांसह क्रूसावर चढवला गेला. दोन भाल्यांनी भोसकून त्यांना मारले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. चित्रात त्याला क्रूस आणि भाल्यांवरून ओळखतात, म्हणजे मध्ययुगातल्या रक्तसाक्षीचाच नियम. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर मरियामाता आणि बाळ येशूची प्रतिमा आहे. अनेक जण तिच्याखालून जातात, फार थोडे मान वर करून पाहतात.

विसाव्या शतकात या परंपरेला खरा धक्का दिला तो आंजेलो द फोन्सेका यांनी. १९०२ मध्ये गोव्यातल्या सांतु एस्तेव्ह इथे जन्मलेले फोन्सेका मुंबईच्या जे. जे. मधून बाहेर पडले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. त्यांची मरियामाता साडी नेसते. पाश्चात्त्य तैलरंगाची चकाकी सोडून त्यांनी जलरंगाचा मऊ, धूसर थर घेतला. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना घर मिळाले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांच्या कामाचा मोठा साठा आता पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहे. टीकाकारांचे म्हणणे होते की हे ख्रिस्ती चित्रच नव्हे. पण मरियेने मध्ययुगापासून किती देशांचे कपडे घातले आहेत! इटलीत ती इटालियन, फ्लँडर्समध्ये फ्लेमिश बाई होती. प्रभावळ, बाळ, नजरेतली शांती या खुणा फोन्सेकांनी राखल्या आणि शैली आपली घेतली. बेर्लिंगिएरीनंतर जोत्तोने जे केले, तेच हे. फोन्सेका परंपरेबाहेरचे नव्हते, तिचे सच्चे वारसदार होते.

आणि काही ठिकाणी चित्रच नको असते. परंड्यात ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. तिथे संत ओळखायला ना चेहरा ना हातातली वस्तू: चादर, फुले आणि ऊद एवढेच. त्याच परंड्यातल्या हंसराजस्वामींच्या मठात वेदान्ताचे ग्रंथ हीच स्वामींची मुख्य ओळख. एकाच गावात संतांना पाहण्याच्या इतक्या रीती नांदतात, हे युरोपी कलेचा इतिहास वाचणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

रोमने १९६९ मध्ये संतांच्या अधिकृत दिनदर्शिकेतून कॅथरीन आणि बार्बारा यांची नावे काढली, कारण त्यांच्या असण्याला ऐतिहासिक पुरावा मिळेना. कॅथरीनचे नाव २००२ मध्ये परत आले. मधल्या काळात सी कॅथेड्रलच्या भिंतीवरचे तिचे चाक कुणी उतरवले नाही.

खरा धोका दिनदर्शिकेपासून नाही, दुरुस्तीपासून आहे. जुन्या लाकडी फळ्यांवर आणि मूर्तींवर सणाआधी चकचकीत तैलरंग फासण्याची हौस चर्च, देऊळ आणि मठ या सर्वांना आहे. एका रंगाच्या डब्यात तीनशे वर्षांचा हात बुजतो, मागची प्रभावळ जाते, हातातली खूण ओळखू येईनाशी होते. वसईच्या, गोव्याच्या आणि आपल्याकडच्या विश्वस्तांना एवढेच सांगणे आहे: ब्रश लावण्याआधी जुन्या चित्राचे नीट छायाचित्र घ्या, जाणकार संवर्धकाला दाखवा आणि तो नको म्हणाला तर रंग लावू नका.